मग कशाला देता?

गेल्या नाताळच्या आदल्या रविवारची गोष्ट. आमच्या पॅरिशच्या युथ ग्रुपनं साठ पाकिटं भरली होती. प्रत्येकात पाच किलो तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, दोन साबण आणि बिस्किटांचे पुडे. मिस्सा संपल्यावर ती सगळी एका टेम्पोत टाकून आम्ही हायवेच्या नव्या पुलाजवळच्या वस्तीवर गेलो. पत्र्याच्या नि निळ्या ताडपत्रीच्या खोल्या. माणसं बहुतेक विजापूर-बागलकोटकडची, बांधकामावर राबणारी. रविवार असल्यामुळे बरेच जण घरी होते.

रांग लागली. मी पाकिटं हातात देत होते आणि प्रत्येकाला 'हॅपी ख्रिसमस' म्हणत होते. एक बाई आली. माझ्या आईच्या वयाची असेल. तिनं पिशवी घेतली, हातानं वजन जोखलं, पण बाजूला सरकली नाही. म्हणाली, "याच्यासाठी तुमच्या चर्चला यावं लागतंय काय?"

"नाही नाही मावशी, तसं काही नाही," मी घाईघाईनं म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मग कशाला देता?"

मी हसले. मागून कुणीतरी हाक मारली आणि मी दुसरं पाकीट उचललं. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. एका फोटोत मी त्याच बाईला पिशवी देते आहे आणि दोघीही कॅमेऱ्याकडे बघतो आहोत. फोटोला भरपूर बदाम मिळाले. पण मला रात्री झोप लागेना. तिचा पहिला प्रश्न मला ओळखीचा होता, त्याचं उत्तर मी लहानपणापासून पाठ केलं होतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे काहीच नव्हतं.

पहिला प्रश्न ओळखीचा का, ते सांगते. मी मूळची सिंधुदुर्गातली. शाळा मराठी माध्यमाची, वर्गात आम्ही तिघंच ख्रिस्ती. चौथीत असताना मधल्या सुट्टीत कशावरून तरी भांडण झालं आणि एका मुलीनं मला 'बाटगी' म्हटलं. शब्दाचा अर्थ मला कळला नव्हता, पण तो ज्या आवाजात आला तो कळला. घरी येऊन आजीला विचारलं. आम्ही तिला शामाय म्हणायचो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "शामाय, आपले लोक तांदळासाठी बाटले असं म्हणतात." तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "म्हणांदेत गो. उपाशी माणसान तांदूळ घेतल्यान तर तेचा काय चुकला?"

तेव्हा मला वाटलं, शामायनं उत्तर टाळलं. आता वाटतं की तिनं माझा प्रश्नच दुरुस्त करून दिला होता. सगळे घेणाऱ्याला विचारतात, तू का घेतलंस? देणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्या वस्तीवरच्या बाईनं विचारलं. आणि या वेळी देणाऱ्याच्या जागी मी होते.

त्या आठवड्यात मी सिस्टरमावशीला व्हॉइस मेसेज पाठवला. ती माझ्या आईची मोठी बहीण, नर्स आहे आणि सिस्टर आहे, म्हणून आमच्या घरात सगळ्यांचीच सिस्टरमावशी. चौदा वर्षं ती मादागास्करमध्ये आहे. चार-पाच वर्षांतून एकदा घरी येते, तेव्हा तिच्या बॅगेला व्हॅनिलाच्या शेंगांचा वास असतो. आमच्या लहानपणी तिचा देश म्हणजे आमच्यासाठी तो वास होता. नंतर कळलं की जगात सर्वांत जास्त व्हॅनिला पिकवणाऱ्या देशांमध्ये त्याचं नाव असलं, तरी तिथे दर चार माणसांमागे जवळजवळ तीन दारिद्र्यरेषेखाली आहेत.

मावशीच्या बोलण्यातून मला त्या बेटाची थोडी थोडी ओळख झाली. आफ्रिकेच्या शेजारी असलं तरी त्याची भाषा इंडोनेशियाकडच्या भाषांच्या कुळातली आहे, कारण पहिली माणसं समुद्र ओलांडून तिकडून आली. तिथे भात तिन्ही वेळा खातात. 'जेवलीस का' विचारायचं तर भात खाल्लास का असंच विचारतात. मावशी पहिल्यांदा गेली तेव्हा तिला सगळंच परकं वाटत होतं. मग एक दिवस तिनं चिखलात ओणव्या झालेल्या बायका पाहिल्या, हातात तरव्याच्या जुड्या. "मी रस्त्यातच उभी राहिले नि रडले," ती सांगते. "वाटलं, आईच लावणी लावतेय."

तर माझ्या प्रश्नावर मावशीनं सरळ उत्तर दिलं नाही. तिची ती सवयच आहे. सात मिनिटांचा मेसेज आला. त्यात तिनं छपराची गोष्ट सांगितली.

२०२२ च्या फेब्रुवारीत मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर एकाच महिन्यात दोन मोठी चक्रीवादळं आली, आधी बात्सिराई आणि मग एम्नाती. मावशीच्या गावात चर्चचं छप्पर उडालं, दवाखान्याचं उडालं, घरांची तर गणतीच नाही. काही दिवसांनी मदतीचे पत्रे आले, पण ते एकाच छपराला पुरण्यासारखे होते. मावशी म्हणते, "माझं पक्कं होतं. पहिला दवाखाना. देव काय, झाडाखालीसुद्धा मिस्सा ऐकून घेईल." तिला वाटलं सगळे लगेच हो म्हणतील. त्या गावात फादर दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात. एरवी दर रविवारी प्रार्थना चालवतो तो गावातलाच कॅटेकिस्ट, पोटासाठी भातशेती करणारा माणूस. त्यानं बैठक बोलावली. आणि बायकांनी मावशीला चक्क नाही म्हटलं. पहिलं छप्पर चर्चचं.

मावशी चिडली. तिला वाटलं, ही माणसं भोळी आहेत, आजारी पोरांपेक्षा यांना चर्च मोठं. मग एका बाईनं तिला समजावलं. तुमचा दवाखाना लहान आहे, त्यात चार खाटा मावतात. चर्चमध्ये गाव मावतं. ज्यांची घरं गेली ती कुटुंबं रात्री तिथे निजतील. उरलेलं बियाणं तिथे कोरडं राहील. शाळाही तिथेच भरते. आणि तुमच्या चार खाटा वेदीच्या डाव्या बाजूला लावू. मावशी म्हणाली, "अगं, मग मी विचारलं, जे चर्चमध्ये येत नाहीत त्यांचं काय? तर ती बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काही भलतंच बोलले. म्हणाली, पाऊस त्यांच्यावर पडत नाही का?"

चर्चला मलागासी भाषेत 'फिआंगोनाना' म्हणतात. त्याचं मूळ जमणं, एकत्र येणं या अर्थाच्या क्रियापदात आहे. मावशीला तो शब्द दहा वर्षांपासून येत होता. ती म्हणते, त्याचा अर्थ मला त्या बैठकीत कळला.

तिचा मेसेज इथेच संपला. शेवटी नेहमीसारखं, "अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको."

आता माझ्या अभ्यासाबद्दल. या अंकासाठी मी खरं तर 'क्रिस्तपुराणा'वर लेख लिहिणार होते. मॅडमनी मला तो विषय डिसेंबरमध्येच देऊन ठेवला होता. आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असेल: फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि त्यानं मराठीत, ओवी छंदात, पुराणाच्या रूपात ख्रिस्ताची कथा लिहिली. ते पुस्तक १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मी त्या वर्षांतल्या गोव्यातल्या जेझुइटांबद्दल वाचत होते आणि वाचता वाचता अचानक मावशीच्या देशात जाऊन पोचले.

१६१३ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयनं एक जहाज मादागास्करला पाठवलं. बरोबर जेझुइट होते, त्यातला एक लुईस मारियानो. बेटाच्या आग्नेय टोकाला अनोसी नावाचं राज्य होतं. तिथल्या राजाचा मुलगा रामाका याला कप्तानानं जबरदस्तीनं जहाजावर घेतलं आणि गोव्यात आणलं. इथे जेझुइटांच्या कॉलेजात त्याला शिकवलं, बाप्तिस्मा दिला, पोर्तुगीज नाव दिलं. हेतू काय, तर राजपुत्र ख्रिस्ती झाला की मागोमाग राज्य होईल. १६१६ मध्ये त्याला परत नेलं. त्याच्याबरोबर गेलेलं मिशन मात्र टिकलं नाही. बापानं एक मुलगा असा गेलेला पाहिला होता, तो या माणसांवर विश्वास कसा ठेवणार? पुढे रामाका स्वतः राजा झाला. सतराव्या शतकाच्या मध्याला फ्रेंच तिथे आले तेव्हा त्याला अजून पोर्तुगीज लिहिता-वाचता येत होतं. पण त्याच्या राज्यात ख्रिस्तसभेचं नावनिशाण नव्हतं.

१६१६. एकाच वर्षी गोव्यातून दोन गोष्टी बाहेर पडल्या. एक पुस्तक, जे इथल्या माणसांच्या छंदात, इथल्या शब्दांत लिहिलं होतं. आणि एक मुलगा, ज्याला त्याच्या माणसांतून उपटून आणलं होतं. पुस्तक आज चारशे वर्षांनी आपल्या अभ्यासक्रमात आहे. मुलाबरोबर जे पाठवलं ते समुद्रकिनाऱ्यावरच वाळून गेलं. मला वाईट वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. कारण या दोन्ही गोष्टी करणारे माझ्याच धर्माचे, एकाच संघाचे लोक होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण देवाचंच काम करतो आहोत.

यानंतर लेख बाजूलाच राहिला आणि मी मादागास्करच वाचत बसले.

दुसऱ्यांदा जे आले ते कॅथलिक नव्हते, हे मला प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. १८१८ मध्ये डेव्हिड जोन्स आणि थॉमस बेवन हे वेल्समधले दोन प्रोटेस्टंट मिशनरी तमातावच्या किनाऱ्यावर उतरले. लंडन मिशनरी सोसायटीचे. आपापल्या बायका-मुलांना घेऊन ते आले आणि थोड्याच आठवड्यांत बेवन, दोघांच्या बायका आणि दोघांची मुलं तापानं गेली. एकटा जोन्स उरला. तो मॉरिशसला परतला, बरा झाला आणि १८२० मध्ये पुन्हा आला, या वेळी थेट राजधानी अंतानानारिव्होत. राजा पहिला रादामा यानं त्याला शाळा काढू दिली. राजाला धर्म नको होता, त्याला कारागीर हवे होते. म्हणून सोसायटीनं विणकर, सुतार, लोहार, चामडं कमावणारा अशी माणसं पाठवली. पुढे जेम्स कॅमेरून नावाचा एक सुतार आला, ज्याला विटा भाजण्यापासून तलाव बांधण्यापर्यंत सगळं येत होतं. या लोकांनी स्थानिक पोरांना हाताखाली घेऊन काम शिकवलं. मलागासी भाषा रोमन लिपीत कशी लिहायची हे ठरलं. त्यात व्यंजनं इंग्रजीसारखी आणि स्वर फ्रेंचसारखे, अशी राजाच्या मर्जीनं तडजोड झाली. मग छापखाना आला.

रादामानंतर राणी पहिली रानाव्हालोना आली. तिला परक्यांचा भरवसा नव्हता, आणि परके पुढे काय करणार होते ते पाहता ती अगदीच चूक होती असं म्हणवत नाही. तिनं मिशनऱ्यांना विचारलं की इथल्या मातीत जे मिळतं त्यातून तुम्हाला साबण करता येईल का? कॅमेरूननं थोड्याच दिवसांत साबणाच्या वड्या करून दाखवल्या. त्या साबणावर मिशनला आणखी काही वर्षं मिळाली. हे वाचताना मला आमच्या पाकिटांतले दोन साबण आठवले. आम्ही दुकानातून आणून दिले होते. त्यांनी करायला शिकवले होते.

ती काही वर्षं कामाला आली. १८३५ मध्ये मलागासी भाषेत अख्खं बायबल छापून झालं, आणि त्याच वर्षी राणीनं ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. मिशनरी निघून गेले. मागे राहिली ती बायबलं. लोकांनी ती पुरून ठेवली, गुहांमध्ये लपवली, पानं वेगळी करून वाटून घेतली. १८३७ मध्ये रासालामा नावाच्या बाईला भाल्यानं मारलं, ती तिथली पहिली हुतात्मा. पुढे १८४९ मध्ये तर माणसांना कड्यावरून ढकललं. ही बंदी १८६१ पर्यंत, म्हणजे पाव शतक चालली. १८६२ मध्ये मिशनरी परत आले, तेव्हा त्यांना वाटत होतं की आता पहिल्यापासून सुरुवात. पण त्यांनी सोडलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा जास्त ख्रिस्ती लोक त्यांना भेटले. एकही पाद्री नसताना ख्रिस्तसभा वाढली होती.

आता माझ्या लोकांकडे येते. बंदी उठल्यावर फ्रेंच जेझुइट आणि सिस्टर्स राजधानीत आले. त्यांच्या शाळेत व्हिक्टोआर रासोआमानारिव्हो नावाची मुलगी शिकली. राज्यातल्या सर्वांत वजनदार घराण्यातली. १८६३ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, तिनं बाप्तिस्मा घेतला. लग्न पंतप्रधानाच्या मुलाशी झालं, आणि तो नवरा दारुडा आणि बाहेरख्याली निघाला. घरचेच म्हणत होते, सोड त्याला. तिनं सोडलं नाही. (हा भाग वाचताना मला राग येतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तिनं सोडलं असतं तरी ती मला संतच वाटली असती.) १८६९ मध्ये राणी आणि पंतप्रधान प्रोटेस्टंट झाले, तेव्हा सासरचा दबाव आला की तूही हो. तिनं ऐकलं नाही.

मग १८८३ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झालं आणि सगळ्या फ्रेंच मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं. कॅथलिक म्हणजे शत्रूच्या धर्माचे, असं वातावरण. चर्चना कुलपं लागली. तेव्हा ही बाई दरबारातलं आपलं वजन वापरून उभी राहिली. चर्च उघडून घेतली, शाळा चालू ठेवल्या, तरुणांच्या गटाला घेऊन गावोगावच्या छोट्या ख्रिस्ती वस्त्यांची विचारपूस केली, तुरुंगातल्यांना आणि महारोग्यांना भेटत राहिली. तीन वर्षं मिस्सा नाही, पण रविवारची प्रार्थना चुकली नाही. १८८६ मध्ये फादर परतले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. पुढे १९८९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी अंतानानारिव्होत येऊन तिला धन्यवादित घोषित केलं.

त्याच १९८९ मध्ये, त्याच शहरात, फादर पेद्रो ओपेका कचऱ्याच्या डोंगरावर पोचले. ते मूळचे अर्जेंटिनाचे. आईवडील स्लोव्हेनियातून आलेले निर्वासित, वडील गवंडी. त्यामुळे वीट रचायला ते लहानपणीच शिकले. व्हिन्सेन्शियन संघाचे धर्मगुरू म्हणून त्यांनी आधी बेटाच्या आग्नेय भागातल्या वांगाइन्द्रानोत बरीच वर्षं काढली, लोकांबरोबर भातशेतात उतरले, त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळले. मग सेमिनरीतल्या कामासाठी राजधानीत आले. तिथल्या अंद्रालानित्रच्या कचराकुंडीवर लहान मुलं जनावरांशी झटापट करत अन्न शोधताना त्यांना दिसली. त्यातून 'आकामासोआ' उभं राहिलं. शब्दाचा अर्थ 'चांगले मित्र'.

मला त्यांची एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. म्हातारे, आजारी, लहान मुलं यांना मदत. पण धडधाकट माणसाला फुकट काही नाही. शेजारी ग्रॅनाइटची टेकडी होती. लोकांनी तिची खडी फोडली आणि त्या कामाची मजुरी घेतली. पोरांना शाळेत पाठवायचं ही अट. कचऱ्यावर राहणारी माणसं गवंडी झाली, सुतार झाली आणि त्यांनी स्वतःसाठी हजारो विटांची घरं बांधली. शाळा, दवाखाने झाले. रविवारच्या मिस्साला तिथे हजारो माणसं जमतात. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पोप फ्रान्सिस आकामासोआला आले, तेव्हा कामगारांसाठीची प्रार्थना त्यांनी त्या खडीच्या खाणीजवळच केली.

मी आधी समजत होते की ख्रिस्ती सेवेत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, आधी देवाचं वचन द्या. दुसरा म्हणतो, आधी पोटाला द्या. मग शहाणी माणसं म्हणतात, दोन्ही द्या. याला आमच्या सेमिनारमध्ये 'समग्र सेवा' असं नाव आहे आणि त्यावर पॉवरपॉइंटसुद्धा आहे. पण या तिन्ही पक्षांत देणारा तोच राहतो आणि घेणारा तोच राहतो. मला मादागास्करमधून कळलं ते याहून वेगळं आहे.

मराठीत आपण झेंडा रोवतो, खांब रोवतो, क्रूसही रोवतो. ते रोवणाऱ्याच्या जोरावर असतं, आणि खांब कितीही खोल रोवला तरी त्याला पालवी फुटत नाही. रुजतं ते बी. आपण त्याला रुजवू शकतो असं म्हणतो, पण खरं तर आपण माती मोकळी करतो आणि मग घरी जातो. रामाकाला उचलून आणणाऱ्यांना राज्यात क्रूस रोवायचा होता. कॅमेरूनच्या विटा आणि साबण, ती बायबलाची पुरून ठेवलेली पानं, व्हिक्टोआरचे ते गावोगाव फिरणारे तरुण, हे रुजलं. कशावरून? देणारा निघून गेल्यावरही ते राहिलं यावरून. मावशीच्या गावातल्या बायकांनी तिला 'नाही' म्हटलं, तेव्हा मावशीला राग आला, पण ख्रिस्तसभा रुजल्याची त्याहून चांगली खूण मला सुचत नाही. ज्याला आपण मदत करतो त्याला आपल्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे.

आमच्या साठ पाकिटांना कुणी 'नाही' म्हणू शकत नव्हतं. त्या बाईनं फक्त प्रश्न विचारला, तोही पिशवी घट्ट धरून.

मार्च महिन्यात, उपवासकाळात, मी पुन्हा त्या वस्तीवर गेले. ग्रुपबरोबर नाही, एका मैत्रिणीला घेऊन. हात रिकामे होते आणि मला फार अवघडल्यासारखं होत होतं. रिकाम्या हातानं गरिबाच्या दारात जाणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. ती बाई खोलीबाहेर भांडी घासत होती. तिनं मला ओळखलं. "आज काय आणलं?"

"काही नाही, मावशी."

ती हसली. रंगाचा एक डबा उपडा करून मला बसायला दिला आणि चहा टाकला. बिनदुधाचा, खूप गोड. बोलता बोलता कळलं, तिला तांदळाची तशी अडचण नाही, दोघंही कमावतात. अडचण आहे ती बारा वर्षांच्या मुलीची. गावच्या शाळेचा दाखला आणलेला नाही, म्हणून इथल्या शाळेत काय होईल या भीतीनं कुणी विचारायलाच गेलं नाही, आणि मुलगी धाकट्या भावाला सांभाळत घरी बसली आहे. आमच्या साठ पाकिटांत हे कुठेच नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

दाखल्याशिवायही प्रवेश नाकारता येत नाही, एवढं मला माहीत होतं. पुढच्या सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत गेले. एकदा परत पाठवलं, दुसऱ्यांदा अर्ज घेतला. अर्ज मी लिहिला, सही तिनं केली. कानडीत. जूनमध्ये मुलगी वर्गात बसेल असं सांगितलंय. बसेपर्यंत मी काही खरं मानत नाही.

शाळेतून परत येताना मी तिला म्हटलं, "मावशी, नाताळात तुम्ही विचारलं होतं, मग कशाला देता. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही."

"मी विचारलं?" ती म्हणाली. "कधी?"

तिला आठवतच नव्हतं. तीन महिने मी एक प्रश्न घेऊन चारशे वर्षं आणि एक समुद्र फिरून आले होते आणि तो विचारणारी केव्हाच पुढे गेली होती. मला हसू आलं. तीही हसली, कशाला ते न कळून.

वस्तीपाशी आल्यावर ती आत गेली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. दोन कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. मी "नको, नको" म्हणायला तोंड उघडलं.

"घे की," ती म्हणाली.

मी घेतली. कशाला देता, असं विचारलं नाही.